एका ओळीत एकच नाव

दादा, तू जिंकलेला नाहीस. हे आधीच सांगून टाकते, कारण दारात येणारा जो तो मला सांगतोय की शाहीर समाधानानं गेले. कसलं समाधान? भांडण अर्ध्यावर टाकून गेलास. सकाळी चहा पिताना माझ्यावर चिडलास, कप खाली आपटलास, "तुले गान्यातलं काय समजते, तू झील धरनारी," एवढं बोललास आणि दुपारी खोकल्याची एक उबळ आली ती तुला घेऊनच गेली. माझं उत्तर तयार होतं. भांडी घासून झाली की येऊन सुनावणार होते. ते उत्तर माझ्यापाशी तसंच राहिलंय, आणि मी ते गिळणार नाही.

तुझी ही सवय जुनीच. लहानपणी शेवटचा शब्द आपला राहावा म्हणून तू भांडून नाल्याकडे पळायचास. मी मागे धावायचे, तोवर तू पलीकडच्या काठावर उभा राहून दात काढायचास. आई म्हणायची, "जाऊ दे वं, भूक लागली का येते वापस." या खेपेला आई नाही, वहिनीही नाही, आणि तुला भूक लागायची नाही. मग मीच बसून लिहिते आहे.

सोयाबीनची सोंगणी ऐन भरात आहे. थ्रेशर थांबवून लोक आले, अंगावर भुसा तसाच. आसेगावात एवढी माणसं एका मयतीला मी पाहिली नव्हती. तुझा मुलगा पुण्याहून येईपर्यंत तुला अंगणात ठेवलं होतं. एक पुढारी आले, चप्पल न काढता दोन मिनिटं उभे राहिले आणि "एक बुलंद आवाज हरपला" असं बोलून गेले. हरपला म्हणे. आवाज म्हणजे काय बकरी आहे, संध्याकाळी गोठ्यात आली नाही म्हणून हरपली म्हणायला? तू असतास तर त्यांच्याच तोंडावर त्यांची नक्कल केली असतीस. मला हसू आलं आणि ते लपवायला मी पदर तोंडाशी धरला. बायकांना वाटलं, रडते आहे. मग खरंच रडले.

ज्यांना तू माहीत नाहीस त्यांच्यासाठी झील म्हणजे काय ते सांगायला हवं. शाहीर पुढे उभा राहून ओळ टाकतो, आणि मागचे लोक ती ओळ उचलून, लांबवून त्याच्या हाती परत देतात. तेवढ्यात त्याला श्वास मिळतो. ते मागचं गाणं म्हणजे झील. मी बारा वर्षांची असल्यापासून तुझ्यामागे झील धरली. वस्तीतल्या जलशात, लग्नात, निवडणुकीत, कुणी बोलावलं तिथे. मी ओळ जरा लवकर उचलायचे. तू डफ वाजवता वाजवता मागे वळून डोळे वटारायचास. "झील मागून येते, समजलं काय? पुढे नाई." मी म्हणायचे, "तू लवकर सोडजो मंग, तुहा श्वास पुरत नाई ते मले दिसते." हेही भांडण आपलं कधी मिटलं नाही.

तू खाणीत गेलास तो काही क्रांती करायला नाही. दोन एकरांत पोट भरत नव्हतं आणि वणीकडच्या कोळशाच्या पट्ट्यात माणसं घेत होते, म्हणून गेलास. पहिल्याच आठवड्यात तू जो पराक्रम केलास तो त्या खाणीत पुढे वर्षानुवर्षं सांगितला गेला. खाली, अंधारात, टोपीवरच्या दिव्याच्या उजेडात तू कोळसा भरत होतास आणि सवयीनं गुणगुणत होतास. तेवढ्यात मागचा एक जुना कामगार ओरडला, "चाल! अरे चाल! चाल आ रही है!" सगळे हातातलं टाकून पळाले. तू मात्र तिथेच उभा. तुला वाटलं, यांना आपल्या गाण्याची चाल पाहिजे. तू छाती भरून, हात कानावर ठेवून, मोठ्यानं गाऊ लागलास.

आपल्याकडे चाल म्हणजे गाण्याची. खाणीत चाल म्हणजे डोक्यावरचं छत, आणि चाल येते म्हणजे ते छत खाली येतं. कोणीतरी परत फिरून तुझी कॉलर धरून ओढलं, आणि तू उभा होतास तिथे खाटेएवढा दगड पडला. बाहेर आल्यावर तू काय म्हणालास तेही त्या लोकांनी सांगितलं: "गानं पुरं होऊ द्यायचं ना बे." तेव्हापासून तुला खाणीत दौलत कोणी म्हटलं नाही. चालवाला म्हणायचे.

हसू येतं ना? मलाही येतं. आणि लगेच थांबतं, कारण पुढच्याच वर्षी तू माझ्या नवऱ्याला खाणीत नेलंस.

उत्तम तुझा दोस्त आधी होता, माझा नवरा नंतर झाला. तुम्ही दोघं एका टोळीत काम करायचात. छत धड आहे का पाहायला लोखंडी सब्बल वर ठोकायचे, आवाज टणटणीत आला तर काम करायचं, ढबढब आला तर मागे फिरायचं. डफावर हात बसलेला असल्यानं तुझा कान त्यात पक्का होता, म्हणून ठोकायचं काम तुझ्याकडे आलं. त्या दिवशी आवाज ढबढब आला. तू वरच्या साहेबाला सांगितलंस. लाकडाचे टेकू नव्हते. टेकू दुपारी येतील, तोवर भरा, असं उत्तर मिळालं. तुम्ही भरत राहिलात. चाल आली तेव्हा उत्तमनं तुला धक्का दिला आणि तो स्वतः आत राहिला.

हे तू मला एकदाच सांगितलंस, त्याच दिवशी, चेहऱ्यावर कोळसा तसाच असताना. पुन्हा कधी या गोष्टीवर बोलू दिलं नाहीस. मी विषय काढला की तू डफ शेकायला घ्यायचास, नाहीतर बाहेर निघून जायचास. म्हणून जे तेव्हा सांगायचं होतं ते आता सांगते, तुला उठून जाता येत नाही तोवर. मी तुला दोष दिला होता. वर्षभर दिला. रोज सकाळी उठल्यावर पहिला विचार तोच यायचा की यानं नेलं नसतं तर. नंतर एकदा भाजी निवडताना लक्षात आलं की दोन दिवस झाले, तो विचार आलाच नाही. मग तो परत आलाच नाही. तुला हे माहीत होतं का? मला वाटतं माहीत नव्हतं. तू सगळं आयुष्य माझ्याशी असा वागलास की जणू मी कधीही तोंड उघडून ते बोलून टाकीन. अरे वेड्या, मी इतक्या गोष्टींवरून तुझ्याशी भांडले, ते मनात असतं तर सोडलं असतं का?

गाणं तू खाणीच्या तोंडाशी बसून केलंस. उत्तमला बाहेर काढायला दोन पाळ्या गेल्या, आणि तोवर लोक काम बंद करून तिथेच बसले होते. मी एका झाडाखाली होते. तू माझ्याशेजारी येऊन बसलास आणि ओठातल्या ओठात काहीतरी जुळवायला लागलास. मला इतका राग आला. माझा माणूस आत आहे आणि हा यमक जुळवतो. मग तू ते मला हळूच म्हणून दाखवलंस:

चाल पडली तरी गड्या, चाल सोडू नको,
डोंगर डोक्यावर बोले, तू मुका होऊ नको.

आणि ते चौथं कडवं, ज्यावरून पुढे आपण मरेपर्यंत भांडलो, म्हणजे तू मरेपर्यंत:

कोन गेला खाली त्याचं पुसा पहिले नाव,
उत्तम त्याचं नाव, गड्या, आसेगाव त्याचं गाव.

गेटावर सभा झाली तेव्हा मी उठून तुझ्यामागे उभी राहिले. बायकांनी माझा हात धरला. नवरा जाऊन चार दिवस नाही झाले आणि ही गाते, लोक काय म्हणतील. तूही म्हणालास, "तू बस, मी पाह्यतो." मी म्हटलं, "नाव माह्या मानसाचं हाय. झील दुसरं कोन धरन?" तू डफ उचललास. त्या दिवशी मी एकदाही ओळ लवकर उचलली नाही. आवाज कुठून आला माहीत नाही, पण आला. पहिल्यांदा मागे पाचपन्नास लोक गायला लागले, मग सगळेच. तेलुगू बोलणारे, हिंदी बोलणारे, ज्यांना आपली मराठी कळत नव्हती तेही 'उत्तम त्याचं नाव' एवढं गात होते. संध्याकाळच्या आत टेकूंचा ट्रक आला. लोक म्हणतात युनियनमुळे आला, कोणी म्हणतं वरच्या साहेबामुळे. तू म्हणायचास की गाण्यानं काही होत नाही, फक्त माणसं उठून जात नाहीत, आणि माणसं उठून गेली नाहीत की बाकीचं होतं.

मला उत्तमच्या जागी नोकरी लागली, दिवे द्यायच्या खोलीत. प्रत्येक जण पितळेचा बिल्ला द्यायचा, मी त्याला चार्ज केलेला दिवा द्यायचे. तुला दिवा देताना मी कधी बघितलं नाही तुझ्याकडे, बिल्ल्याकडेच बघायचे, आणि तू पाळी संपवून दिवा परत आणेपर्यंत तो बिल्ला माझ्या डोळ्यांसमोर लटकायचा. पाळी बदलताना आपण गेटावर गायचो. एकदा एका साहेबानं मला बोलावून घेतलं. "बाई, नोकरी दिली ना तुम्हाला? आता कशाला गाता?" मी म्हटलं, "साहेब, नोकरी त्याच्या जागेवर भेटली. गानं कोनाच्या जागेवर नाई." त्यानं कागद चाळायला घेतले. मी बाहेर आले तर तू भिंतीला टेकून उभा, सगळं ऐकलेलं. हॉटेलात नेऊन भजी खाऊ घातलीस, आणि पैसे माझ्याकडूनच घेतलेस.

मग आपण दोघं रिटायर होऊन गावी आलो. तू शेती केलीस, म्हणजे शेतीनं तुला केलं. तुझी तूर दरवर्षी दुसऱ्याच्या तुरीपेक्षा बुटकी यायची आणि तू म्हणायचास की ती गाणं ऐकायला खाली वाकते. खोकला मात्र जोमात वाढत गेला. वाशिमच्या डॉक्टरनं फुफ्फुसाचा फोटो उजेडाला धरून तुला विचारलं, "धुळीत काम केलं का?" तू म्हणालास, "नाई जी, धुळीनं माह्यात काम केलं."

आता खाली उतरायच्या खाणी बंद होत चालल्यात. वरूनच डोंगर पोखरतात, मोठमोठे डंपर फिरतात, आणि चालवणारी पोरं ठेकेदाराची. आपल्या भागातली कितीतरी गेली आहेत, आसेगावची, धनजची, रिसोडकडची. ती तुझ्याकडे यायची, गाणं शिकायला. एक जण म्हणालाही, "काका, तुमची चाल आमाले लागूच होत नाई. आमच्या डोक्यावर छत कुठी हाय? उघडं आभाळ हाय." तू म्हणालास, "मंग आभाळ पडन तवा काय म्हनसान?" पण तो गेल्यावर तू अंगणात येऊन वर आभाळाकडे बघितलंस. मला कळलं, हे तुला लागलं आहे.

आणि उन्हाळ्यात धनजहून कांताबाई आल्या. एसटीनं आल्या, हातात एक पिशवी आणि मोबाइल. त्यांचा विशाल डंपरवर होता. मातीच्या ढिगाच्या कडेवरून डंपर मागे सरकत गेला आणि खाली कोसळला. ठेकेदार म्हणतो, या नावाचा माणूस आमच्या कामावर नव्हताच. गेट पास नाही, हजेरी नाही, काही नाही. कोणाचा तरी डंपर घेऊन गेला असेल फिरायला. कांताबाईंनी मोबाइलमधला फोटो दाखवला. पिवळं हेल्मेट घातलेला पोरगा, डंपरच्या चाकापुढे उभा. चाक त्याच्यापेक्षा उंच.

"पैसे मागाले नाई आली जी मी," कांताबाई म्हणाल्या. "वकील पाहून राह्यले ते. मी म्हनतो, तुमच्या गान्यात नाव घालता काय त्याचं? कोनीच घेत नाई माह्या लेकाचं नाव. ठेकेदार म्हनते तो नव्हताच. नव्हताच कसा? मी डबा भरून देत होती ना रोज."

तू त्यांच्यासमोर काही कबूल केलं नाहीस. पाणी दिलंस, जेवून जा म्हणालास. त्या गेल्यावर माझ्याकडे न बघता बोललास, "चौथ्या कडव्यात विशालचं नाव घालतो. बसते बराबर. विशाल त्याचं नाव, गड्या, धनज त्याचं गाव."

"आन् उत्तमचं?" मी विचारलं.

"ते काढा लागन."

मला वाटलं, तू माझ्या अंगावर काहीतरी फेकलंस. एवढी वर्षं ते नाव तुझ्या तोंडून ऐकलं. वटपौर्णिमा नाही, वर्षश्राद्ध नाही, आपल्यात ते काही करत नाहीत. माझ्या माणसाचं नाव वर्षातून एकदाही कोणी घेतलं नसतं, ते हजार माणसांनी घेतलं, कारण ते त्या ओळीत होतं. आणि तू म्हणतोस काढा लागन.

मी म्हटलं, दोन्ही ठेव. तू मान हलवलीस. तुझं म्हणणं मी इथे नीट मांडते, नाहीतर म्हणशील की माझी बाजू वाकडी करून सांगितली. तू म्हणालास, "एका ओळीत एकच नाव बसते. दोन झाले का तिसरं येते, तिसरं आलं का यादी होते. यादी साहेब वाचते, आपन गातो. अन् दुसरं सांगतो, आइक. उत्तमचं नाव खानीच्या गेटावर पाटीवर हाय. शहीद कामगार म्हनून लिवलेलं हाय, दरवर्षी हार घालते लोक. विशालचं कुठी हाय? ज्याचं कुठीच नाई त्याचं गान्यात पाह्यजे."

खरं होतं ते. म्हणूनच जास्त राग आला. मी म्हटलं, "पाटी कंपनीची हाय. उद्या काढून फेकन. गानं माह्यं हाय."

"गानं कोनाचंच नसते."

"मंग माह्याही नवऱ्याचं नाव त्यातून काढाचा हक तुले कोनं दिला?"

उन्हाळाभर चाललं, पावसाळाभर चाललं. जेवताना, झाडताना, बातम्या सुरू असताना. कधी तू मऊ व्हायचास, कधी मी. एकदा आपण दोघं शेंगा फोडत होतो आणि तू मधेच म्हणालास, "त्यानं मले ढकललं नसतं तर त्या ओळीत माह्यं नाव असतं. मंग मी तुले म्हटलं असतं, काढून टाक, त्या पोराचं घाल." मी शेंगांचं सूप उचलून आत गेले. तेव्हा बोलायला हवं होतं, तू मेला नाहीस ते बरं झालं म्हणून. नाही बोलले. आता म्हणते. तू वाचलास ते बरं झालं, दादा. मला तुम्हा दोघांतून एक निवडायला कोणी सांगितलं नाही हेही बरं झालं.

शेवटच्या सकाळचं भांडण तेच. ठेकेदाराकडची पोरं खाणीच्या गेटावर धरण्याला बसली होती, विशालला कामगार म्हणून मान्य करा एवढीच मागणी, आणि त्यांचा फोन आला होता की काका, रविवारी या, गाणं म्हणा. तू जाणार होतास. नाव कोणाचं घेणार, मी विचारलं. पुढचं तुला माहीत आहे.

काल तुझं पुण्यानुमोदन झालं. विहारात जागा पुरली नाही, बाहेर मांडव घातला. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, त्रिशरण झालं, मग भाषणं. भाषणांत तू इतका थोर झालास की मला शेजारणीला विचारावं वाटलं, कार्यक्रम आपल्याच घरचा आहे ना? मागे धरण्यावरची पोरं बसली होती, दोन क्रूझर भरून आलेली. जुने खाणवाले होते, खोकत. कांताबाई बायकांत शेवटच्या रांगेत.

भाषणं संपली तेव्हा त्या पोरांतला एक जण उठला. "आत्या, काका असते तर गायले असते. तुमी म्हना." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तुझ्याशिवाय मी कधी गायले नव्हते. झील धरायला पुढे कोणी तरी लागतं.

उभी राहिले. तीन कडवी गेली कशीबशी. मागे म्हातारे गात होते, त्यांच्या झीलमध्ये श्वास कमी आणि घरघर जास्त. मग चौथं आलं. कोन गेला खाली त्याचं पुसा पहिले नाव. मी कांताबाईंकडे बघितलं. त्या जमिनीकडे बघत होत्या. त्यांना वाटत होतं, ही कसलं आपल्या लेकाचं नाव घेणार, ही तर बायको आहे उत्तमची.

मी गायले, उत्तम त्याचं नाव, गड्या, आसेगाव त्याचं गाव. मागून झील आली, आणि आता सगळे ध्रुपदाकडे वळणार, तोच मी हात वर केला. विशाल त्याचं नाव, गड्या. पुढचा शब्द निघेना. सगळा मांडव थांबला, आणि शेवटच्या रांगेतून कांताबाई म्हणाल्या, गात नव्हत्या, नुसत्या म्हणाल्या: धनज त्याचं गाव.

म्हटलं, झालं, आता ध्रुपद. पण रिसोडचा एक म्हातारा काठी टेकून उठला आणि त्यानं ओळ उचलली. मधुकर त्याचं नाव, गड्या, रिसोड त्याचं गाव. त्याचा भाऊ. मग कोणी तरी दुसऱ्यानं. मग एका पोरानं, आवाज फुटका, आपल्या पाळीतल्या सोबत्याचं नाव घेतलं. खाणीत आयुष्य काढलेल्या एका म्हाताऱ्यानं रामसुमेर त्याचं नाव असं सुरू केलं आणि गाव त्याला आठवेना. बिहारचा होता की कुठला, कोणालाच माहीत नव्हतं. तो थांबला, आणि मग म्हणाला, लांब त्याचं गाव. लोकांनी तेही उचललं. लांब त्याचं गाव.

यादी झाली, दादा. तू म्हणत होतास तेच झालं, दुसरं आलं की तिसरं येतं. पण ही यादी कोणत्या साहेबानं वाचली होती ते सांग. यातली निम्मी नावं कोणाच्याच पाटीवर नाहीत. त्यांना एका ओळीत एक-एक करून बसवता बसवता मांडवातली मुलं झोपली आणि खीर गार झाली. कोणी उठून गेलं नाही.

शेवटी एक पोरगा उठला आणि तुझं नाव घ्यायला लागला. मी हात आडवा केला. म्हटलं, थांब. हे खाणीत गेलेल्यांचं कडवं आहे, माझा भाऊ घरी खाटेवर गेला. कांताबाई तोवर पुढे येऊन बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे वर बघून विचारलं, "बाई, खोकला कुठचा होता त्यायले?"

मी आडवा केलेला हात खाली घेतला आणि गायले. दौलत त्याचं नाव, गड्या. एवढी वर्षं मी तुझ्यामागे उभी राहून तुझ्या तोंडून माझ्या माणसाचं नाव ऐकलं, आणि काल त्याच ओळीत त्याच गावापुढे तुझं नाव घेतलं. आसेगाव त्याचं गाव. चाल पार मोडली होती, ताल कुठल्या कुठे गेला होता. तू असतास तर डोळे वटारले असतेस.

रविवारी पहिल्या एसटीनं मी गेटावर जाते आहे. कांताबाई धनजहून कारंजामार्गे येतील. तुझा डफ घेऊन जाईन. मला तो वाजवता येत नाही, पण ठेकेदाराला तरी कुठे कळतं. त्यानं फक्त नावं ऐकायची आहेत, सगळी, आणि मग माझ्या तोंडावर म्हणावं की यातलं कोणी नव्हतंच.